आईच्या गोळीचं मंजूर कारण

बाबा मिनिस्ट्री सोडून गुडगावच्या नव्या कंपनीत लागले, तेव्हा दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कौतुक कशाचं, तर कंपनीच्या आरोग्य विम्याच्या कार्डाचं. आईला बायपोलर होता. रोजच्या एका गोळीवर ती कित्येक वर्षं ठीक होती. विमेवाल्यांनी त्या गोळीचं पहिलंच बिल परत पाठवलं. मानसिक आजार म्हणे विम्यात बसत नाही! तीच गोळी मिरगीवर, म्हणजे फिट्सवरही देतात आणि मिरगी मात्र बसते.

कंपनीतला क्लार्क बाबांना म्हणाला, "साहब, डॉक्टर से मिरगी लिखवा लो."

बाबांनी वीस वर्षं फायलींवर एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. ते विमा कंपनीला 'सविनय' अर्जामागून अर्ज लिहीत बसले. नियम नीट समजावला की माणसं ऐकतात, असं मानणारा भाबडा सरकारी माणूस! इकडे आई खर्च वाचवायला, कुणाला न सांगता, अर्धीच गोळी घेत होती. ऐन डिसेंबरात तिने घरातले सगळे स्वेटर चौकीदाराला देऊन टाकले. बाबांनी अडवलं तर त्यांच्या अंगावर धावून गेली. शेवटी तिला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं.

ती घरी आल्यावर बाबांनी मुकाट्याने डॉक्टरांकडून मिरगी लिहवून आणली. चार दिवसांत बिल मंजूर! गोळी तीच, बाई तीच. एका सरळ माणसाला खोटं लिहवून आणायला लावलं, तेव्हा कुठे या नालायकांचं समाधान झालं.

आईने मिरगी लिहिलेला तो मंजुरीचा कागद दोनदा वाचला.

"अहो," ती म्हणाली, "मग माझा खरा आजार कुठे लिहायचा?"