सासूबाईंच्या हातचा हॅलोविनचा खाऊ

नवऱ्याला अजून वाटतं की त्या संध्याकाळी मी राईचा पर्वत केला. वाटू दे. मला ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे लंडनमधल्या हॅरोला आल्या होत्या. भुताखेतांचे कपडे घालून पोरं दारोदार खाऊ मागतात हे कळल्यावर त्या नाक मुरडतील, असं मला वाटलं होतं. उलट त्या म्हणाल्या, सणाच्या दिवशी दारात आलेलं पोर रिकाम्या हाताने जायचं नाही, खाऊ मीच देणार. अट एकच. आपण जे तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या पोराला द्यायचं नाही.

सासूबाई पक्क्या शाकाहारी. अंड्याचा केक कापलेल्या सुरीलाही हात लावत नाहीत. इंग्रजी बोललेलं त्यांना थोडंफार समजतं, वाचता येत नाही. म्हणून सुपरमार्केटात मी एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं मराठीत सांगत होते आणि त्या नापास करत होत्या. मऊ, रंगीबेरंगी गोळ्या तर जवळपास सगळ्याच बाद झाल्या. त्यातलं जिलेटीन बहुतेक वेळा डुकराचं असतं हे समजल्यावर त्यांनी पाकीट दोन बोटांत धरून फळीवर परत ठेवलं. आमच्या ट्रॉलीने वाट अडवली म्हणून मागची बाई सुस्कारे सोडत होती. खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते. शेवटी छोटी शाकाहारी चॉकलेटं सापडली. ती पिशवी सासूबाईंनी बसमध्ये मांडीवरून खाली ठेवली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नवरा तीच पिशवी ऑफिसला घेऊन गेला. टीमला दिवाळीचा खाऊ द्यायचा होता आणि कपाटात ती समोर दिसली. घरात आई आहे, बायको आहे, पण विचारायचं म्हणजे तोंड झिजतं ना.

संध्याकाळी मी त्याला मेसेज केला, की आल्या आल्या आईंची चॉकलेटं डब्यात काढून दे. तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्टेशनजवळच्या दुकानातून त्याने मऊ गोळ्यांची हाताला लागली ती पाकिटं उचलली आणि घरी येऊन डब्यात ओतली. मी आतल्या खोलीत पूजा मांडत होते. ही वेगळी दिसतात, चालतील ना रे, असं सासूबाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, व्हेजच आहेत. हे सगळं मला नंतर कळलं.

शेजाऱ्यांच्या दारांत कोरलेले भोपळे होते, आमच्या दारात रांगोळी आणि पणत्या. नवी साडी नेसून सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. चेटकिणी आल्या, सांगाडे आले. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवून त्या पाकीट देत होत्या आणि 'हॅपी दिवाळी, बाळा' म्हणत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना त्या मुक्कामात पाहिलं नव्हतं.

मग समोरच्या घरातली मुलगी आली, वटवाघळाचे पंख लावून. तिने पाकीट उलटं करून वाचलं आणि अदबीने परत केलं. "सॉरी आंटी, इट्स गॉट पोर्क इन इट."

तेवढा शब्द सासूबाईंना समजला. त्यांनी मला हाक मारली, मी पाकिटावरचं वाचलं, जिलेटीन डुकराचंच होतं, आणि होकारार्थी मान हलवली. त्या हात अंगापासून लांब धरून तशाच उभ्या राहिल्या.

नवरा म्हणाला, "अगं आई, आपण कुठे खातोय? इथल्या पोरांना चालतं. किती ताणायचं?"

मी ओरडले. समई लागलेल्या घरात, उघड्या दारात, तोंडाला येईल ते बोलले. चोर तो चोर, वर शिरजोर. सासूबाईंनीच मला गप्प केलं. आत जाऊन त्या साबणाने हात धूत राहिल्या, कारण त्याच हातांनी लक्ष्मीला हळदकुंकू वाहायचं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, आता दारात तू उभा राहा, आणि देण्याआधी प्रत्येकाला सांग, यात काय आहे ते.

तो उभा राहिला. ऑफिसच्या शर्टात, मान खाली घालून. कोपऱ्यावरच्या घरातली दोन भावंडं आली, तेव्हा त्याने पुटपुटत सांगितलं. पोरांनी खांदे उडवले आणि मूठ मूठ पाकिटं घेतली. फाटकापाशी त्यांची आई हसली, तिने थँक्यू म्हटलं. नवरा लढाई जिंकल्यासारखा वळला.

"बघ आई. चालतं त्यांना."

सासूबाई टॉवेलने अजून हातच पुसत होत्या.

"त्यांना तू आधी सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, म्हणून मला नाही सांगितलंस."