बारदानाआडची वखार

"काडीपेटी, बिडी, लायटर, जे असन ते इथं ठेवा," म्हणत काकू दारातच हात पसरायच्या. पाहुणा मोठा साहेब असो की भंगारवाला, खिसे रिकामे केल्याशिवाय आत पाऊल नाही. कापसाच्या वखारीची ही जुनी रीत. खामगावच्या त्या वखारीत कापूस येणं कधीच बंद झालं होतं. आत आता काकूंचं बारदान होतं, म्हणजे जुनी पोती घ्यायची, शिवायची आणि विकायची. सासऱ्यांपासूनचा धंदा.

समोरच माझं हार्डवेअरचं दुकान. बाहेरून पाहाल तर वखार म्हणजे नुसती काळ्या दगडाची भिंत. खरी गंमत आत. इंग्रजांच्या काळात कुणा कापूस व्यापाऱ्यानं बांधलेली. ओटा बैलगाडीच्या उंचीचा, म्हणजे कापसाची गाठ सरळ गाडीत लोटता यावी. खिडक्या नाहीतच. भिंतींच्या माथ्याशी झरोके, त्यातून उजेड येतो तोही दबकत. मे महिन्यात बाहेर आपण भाजून निघतो आणि आत गेलं की अंगावर शहारा येतो.

आणि ते बिडाचे, ओतीव लोखंडाचे खांब! विलायतेहून आलेले, आतून पोकळ. छपरावरचं पाणी खांबाच्या पोटातून थेट जमिनीखालच्या नालीत जातं. पाऊस लागला की काकू मला हाक मारायच्या. "भाऊ, कान तं लावून पाहा. पानी चाललं, पन एक थेंब दिसते का?" मी कान लावायचो आणि दर वेळी थक्क व्हायचो. माझ्या दुकानाचा परवा बांधलेला स्लॅब गळतो. त्यावर काकू कधी एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या छताकडे बघायच्या.

काकू तिथं भाड्यानं. मालकांनी वखार पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं ठरवलं, तेव्हा काकू पदर खोचून उठल्या. एसटीनं बुलढाण्याला, जिल्हा कचेरीत चकरा मारल्या. "वखार पाडून राह्यले अन् तुमी काऊन चूप बसले?" म्हणून आम्हा दुकानदारांना फैलावर घेतलं. पाहणीला आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना तर दंडाला धरून खांबाशी नेलं. शेवटी वखार संरक्षित झाली. काकूंनी गल्लीभर पेढे वाटले.

मग नोटीस आली. संरक्षित वास्तूत धंदा चालणार नाही, पेट घेणारा माल तर अजिबात नाही. म्हणजे बारदान बाहेर, आणि काकूही.

मी भडकलो. "काकू, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात. अर्ज करा, सूट मागा."

"मले सूट देल्ली तं उद्या दुसरा कोनी सिलिंडर आनून ठेवन," त्या म्हणाल्या. मग पोतं शिवता शिवता, "पन भाऊ, मले दुसरं काई येत नाई वो."

नव्या जागेत धंदा मांडायचं त्यांचं वय नव्हतं. मुलीनं त्यांना धाड गावी आपल्याकडे न्यायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी दुपारी बारदानाची गाडी भरून गेली. सरकारी माणूस कुलूप घेऊन ओट्यावर घड्याळ बघत उभा. काकू झाडू घेऊन आत गेल्या त्या बाहेरच येईनात, म्हणून मी आणि तो माणूस आत गेलो.

जिथं कायम पोत्यांच्या थप्प्या असायच्या, तिथं काहीच नव्हतं. खांबांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली. वर सागवानी तुळयांच्या कैच्या, एकीमागे एक, छपराला अलगद तोलून धरणाऱ्या. झरोक्यांतला उजेड पहिल्यांदाच खाली फरशीपर्यंत पोचला होता. लग्न होऊन आल्यापासून काकूंनी वखार अशी रिकामी पाहिलीच नव्हती. मीही नाही.

काकू मधोमध मान वर करून उभ्या होत्या. झाडू हातातच होता.

"भाऊ, एवढी मोठी होती का वो ही?"

"चला मावशी, कुलूप लावायचंय," तो माणूस म्हणाला.

"थांबा ना साहेब," काकू मान खाली न करता म्हणाल्या. "आत्ता तं दिसली."

त्यानं कुलूप खिशात टाकलं आणि तोही वर बघू लागला.