सास रोको

मंगळवारी काकू गेली.

जबलपुरात तिच्याइतके खांदे दुसऱ्या कुणी खाली उतरवले नसतील. ती दवाखान्यात मॅमोग्राफी करायची, म्हणजे बायकांच्या छातीचे फोटो काढायची. खांदा ताठ राहिला की काखेजवळचा भाग मशीनबाहेर राहतो, हे खरंच. पण काकू हे शास्त्र घरीही चालवायची. माझ्या लग्नात ती अंतरपाटाआड येऊन माझे दोन्ही खांदे दाबत, भटजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काहून अकडून राहिली गं? लग्नच लागून राहिलं, मशीनमधी नाही चालली तू!" हात गरम राहावेत म्हणून ती कामाआधी चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसे. चहा पीत नसे. थंड हात लागला की बाई आक्रसते, असा तिचा सिद्धांत.

नागपूरहून लग्न होऊन आल्याला तीस वर्षं झाली, तरी तिचं हिंदी नाकात शिरलं नाही. "साँस रोको"चं ती खणखणीत "सास रोको" करायची.

एकदा मी तिचा डबा द्यायला गेले, तेव्हा पडद्याआड कुंडमची एक बाई होती. फोटोत काखेकडचा भाग आलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, चलेगा, अगले साल देखेंगे. काकू भडकली. "अगले साल? साहब, ये दो बस बदलके आई है. दुबारा नही आएगी!" तिने बाईला पुन्हा उभं केलं. बाई लाकडासारखी.

"सास रोको!"

"दीदी, हमारी सास तो भगवान से नईं रुकी!"

आधी बाई हसली, मग काकू. हसता हसता बाईचा खांदा सुटला. काकूने तिला तशीच आत ओढून घेतलं, प्लेट दाबली आणि हसू ओसरताच फोटो काढला. काखेच्या कोपऱ्यात ठिपका होता, शेंगदाण्याहून लहान.

नंतर मी काकूला नाकातला उच्चार शिकवायला बसले. म्हणाली, "राहू दे. चुकीचंच बरं. खांदे उतरतात."

बाईचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती दर वर्षी तपासणीला येते. यंदा गुरुवारी आली, तेव्हा तिला दवाखान्यात काकूचं कळलं. मग आमचं घर शोधत आली, माझ्याजवळ बराच वेळ बसली. उठताना तिने सांगितलं, यंदाही काही निघालं नाही.

चारच्या बसने ती कुंडमला परत गेली.