ब्रायडीचा निळा झगा

शिकागोच्या दक्षिण भागात नोनी गेराटी लोकांचे कपडे धुवायची आणि त्यावरून माणसं ओळखायची. बिअर सांडलेली बाही, रडून भिजलेला रुमाल, सगळ्या गल्लीची लक्तरं तिच्या दोरीवर वाळत असत. आयर्लंडहून, तिच्या गावाकडून आलेली प्रत्येक पोर आधी तिच्याच दारात उतरायची. नोनी तिला चहा पाजायची, चार शिव्या शिकवायची आणि भल्या घरी कामाला लावायची.

१८९३ साली शिकागोतच सरोवराकाठी जागतिक प्रदर्शन भरलं. जग लोटलं आणि कुत्र्याच्या छत्र्यांसारखी हॉटेलं उगवली. त्यातलं एक पर्व्हिससाहेबांचं. धोबिणीलासुद्धा टोपी उचलून सलाम करणारा गृहस्थ! कॉलरवर मळाचा कण नाही. नोनीने निकाल देऊन टाकला, "पाद्रीबाबाची कॉलरसुद्धा इतकी स्वच्छ नसते गं!" त्या कॉलरच्या भरवशावर तिने ब्रायडी टॅन्सीला तिथे कामाला धाडलं.

जुलैत साहेब म्हणाले, ब्रायडी लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली. "मला बोलावलं नाही, भवानी!" नोनी दोन दिवस धुसफुसली आणि ब्रायडीच्या जागी डेलिया मलहर्नला पाठवून मोकळी झाली.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी हॉटेलच्या गाडीवानाने डेलियाचं गाठोडं आणून टाकलं. त्यात एक निळा झगा होता. कमरेच्या आत लाल दोऱ्याच्या तीन फुल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण नोनी स्वतः शिवायची, आणि तीन फुल्या ब्रायडीच्या. हा तिचा एकुलता एक चांगला झगा, फक्त रविवारी घालायचा. त्याला ती नोनीलाही इस्त्री करू देत नसे. तो टाकून ती नवरी झाली?

 नोनी तशीच ओल्या हातांनी हॉटेलवर थडकली.

दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. साहेब हसत आडवे आले. "मिसेस गेराटी, डेलिया कामात आहे."

"कामात? चोर आहे ती!" नोनीने आवाज चढवला. "माझी इस्त्री घेऊन पळाली! पोलिसाला बोलवा! खोल्या, माळा, तळघर, सगळ्याची झडती घेऊ दे त्याला!"

तळघर म्हणताच साहेबांचं हसू मावळलं. "पोलीस कशाला? घेऊन जा तिला."

डेलिया जिन्यावरून धावत आली. "मावशी, मी कुठे तुमची इस्त्री..."

"तोंड मिट आणि चल, मेले!" नोनीने तिचं मनगट धरलं ते थेट पोलीस चौकीत जाऊन सोडलं.

तळघरात ब्रायडी सापडली. खटला चालला, पर्व्हिस फासावर गेला आणि गल्ली नोनीला डोक्यावर घेऊन नाचू लागली. नोनीने मात्र दाराला आतून कडी घातली.

कोर्टाने झगा परत दिला. त्यांच्या गावची रीत अशी, की मेलेल्याचे कपडे घरच्या कुणीतरी तीन रविवार चर्चला घालून जायचं, म्हणजे तिकडे त्या जिवाला उघडं राहावं लागत नाही. ब्रायडीचं शिकागोत कुणीच नव्हतं.

डेलिया म्हणाली, "मला द्या मावशी. साहेबांनी दिला तेव्हा घालून पाहिला होता, मला बरोबर बसतो."

"तुला नाही. तिला त्या घरात मी धाडलं. मीच घालणार."

ब्रायडी काडीसारखी आणि नोनी पिंपाएवढी. शिवणी उसवल्या, कापड जोडलं, तरी दंडात रक्त अडत होतं. पहिल्या रविवारी पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या रविवारी त्यांच्या आयांनी त्यांचे कान पिळले. तिसऱ्या रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकताना पाठीवरची शिवण टर्रकन फाटली. डेलियाने झटकन आपली शाल तिच्या पाठीवर टाकली.

"माफ कर गं ब्रायडी," नोनी भर चर्चमध्ये मोठ्याने म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली.