गच्चीपासून पाच मीटर

भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीवर पत्र्याची शेड आहे. शेडला एक गोल भोक आहे आणि त्यातून एक लोखंडी पाईप वर गेलाय. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी गळतं आणि सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्या बाबांचा उद्धार होतो. भोक बुजवायचा विषय निघाला की मी भांडायला उठते.

पाईपवर बाबांच्या वायरलेस सेटची अँटेना आहे. बाबा आणि काका एकाच गावचे, रत्नागिरीकडचे, एकाच कारखान्यात लागले. काका सख्खे नव्हेत. पण सख्ख्यांनी आमच्याकडे इतका चहा प्यायला नसेल. निवृत्तीनंतर काकांनी शहराबाहेर, काही मैलांवरच्या चेण्याला बैठं घर घेतलं आणि तो चहा बंद झाला. मग दोघांनी दोन सेट आणले. दिवेलागणीला बाबा बटण दाबून बोलायचे, "ओव्हर" म्हणून बटण सोडायचे, की खरखरीतून काकांचा आवाज यायचा. फोन होते की दोघांकडे. पण फोनवर "बरा आहेस ना? बरं, ठेवतो" याच्यापुढे यांची गाडी कधी गेली नाही. सेटवर मात्र गावच्या आंब्याच्या मोहोरापासून गुडघ्यांपर्यंत सगळं निघायचं. आई म्हणायची, "दुसऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायला या दोघांना यंत्र लागलं."

असल्या सेटला परवाना लागत नाही, पण नियम आहे. अँटेना अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून पाच मीटरच्या वर जाता कामा नये. बाबा नाकासमोर चालणारे. पाईप उभा करताना त्यांनी स्वतः टेप धरला आणि बोटभर जास्त भरलेला तुकडा कापायला लावला.

पुढे गच्ची गळते म्हणून सोसायटीने शेड घातली आणि निम्मा पाईप शेडखाली गेला. सेक्रेटरी म्हणाले, "अंकल, शेड के ऊपर से नापो ना. यहाँ कौन देखने आता है?"

"शेड को परमिशन किधर है?" बाबा म्हणाले. "जिसको परमिशन नहीं, वो छत नहीं."

सेक्रेटरींनी विषय बदलला. पाईपसाठी पत्र्याला भोक पाडलं गेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी आईला म्हटलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, एक हात तेवढा राहिला. काकू त्यांच्या कानाला फोन लावायच्या, बाबा बोलायचे, आणि पलीकडून काहीच यायचं नाही. फोन चालू आहे की कट झालाय तेही कळायचं नाही. ते बाबांना सोसेना.

सेटचं तसं नसतं. समोरच्याने नुसतं बटण दाबलं, तोंडातून अक्षर काढलं नाही, तरी आपल्याकडची खरखर थांबते. बाबांनी काकूंना सांगितलं, सेट त्याच्या चांगल्या हातात द्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मोहोर बरा आलाय म्हणतात गावाला. जायचं का रे? ओव्हर." आणि खरखर थांबली. कितीतरी वेळ थांबून राहिली.

पुढे रोज तसंच चाललं. कधी काका बटण पटकन सोडायचे, कधी धरून ठेवायचे. एखाद्या शांततेवर बाबा खो खो हसायचे. त्यांना काय कळायचं ते मला आजवर कळलेलं नाही. काकांचा आवाज आता मला नीटसा आठवत नाही. ती शांतता आठवते, आणि पुन्हा एकदा तरी ऐकायला मिळावी असं फार वाटतं.

आमच्या आणि चेण्याच्या मधे वीस-वीस मजली टॉवर उठत होतेच. शांततेत बारीक खरखर मिसळायला लागली. एका संध्याकाळी बाबांनी "ओव्हर" म्हटलं आणि खरखर थांबलीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा बटण सोडलं. थोड्या वेळाने काकूंचा फोन आला. "भाऊजी, हे बटण दाबून बसलेत. सोडतच नाहीत. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, वहिनी," बाबा म्हणाले. आयुष्यात खोटं बोललेला माणूस नव्हे तो.

दुसऱ्या दिवशी वर धडधड ऐकू आली म्हणून मी गच्चीवर धावले. बाबा त्या बेकायदा शेडवर चढून पाईपला दुसरा पाईप बांधत होते.

"बाबा, किती वर घेतलात?"

"मोजलं नाही."

त्या संध्याकाळी "ओव्हर" नंतर खरखर पुरती थांबली. बाबांनी पुढचं काही विचारलंच नाही. सेट कानाशी धरून नुसते ऐकत राहिले.

काका गेले तेव्हा मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. तेराव्याला आम्ही चेण्याला जाऊन आलो. घरी आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नाहीत. कपाटातला टेप घेतला आणि वर गेले. मी पोचले तोवर वरचा पाईप सोडून झाला होता आणि ते स्लॅबपासून मोजत होते.

"राहू द्या ना, बाबा," मी म्हटलं. "इतके दिवस कोणी बघितलं का?"

त्यांनी टेप गुंडाळला.

"आता पाच मीटर पुरे," ते म्हणाले.