दुकानातून उठायची वेळ

उत्तराला टीममध्ये कोणी घाबरत नसे, पण तिचं सगळे ऐकत. पाच जणांच्या टीममध्ये एकाने बोलायचं आणि चौघांनी ऐकायचं, ही त्या खेळाची रीतच आहे. खेळ बंदुकीचा. एका बाजूने बॉम्ब घेऊन नकाशातल्या दोनपैकी एका जागी पोचायचं, दुसऱ्या बाजूने अडवायचं. जागांना नावंही धड नाहीत: ए आणि बी. मेलेला गडी त्या राऊंडपुरता मेला, पुढच्या राऊंडला पुन्हा उभा.

"बरंय तुमचं," तिचे वडील भाऊसाहेब म्हणत. ते केंद्र सरकारात अवर सचिव होते. "आमच्याकडे मेलेली फाईल उठत नाही."

टीम हरमीत भाटियांची होती. करोल बागेत त्यांचं गाड्यांच्या हॉर्नचं दुकान, नोएडात हॉर्नचा कारखाना, आणि कारखान्याच्या वरच्या मजल्यावर पाच कॉम्प्युटर. खाली दिवसभर हॉर्न वाजवून तपासत. त्यामुळे ‘भाटिया थंडर’ या टीमच्या पोरांना स्टेजवरच्या गोंगाटाचं काही वाटत नसे. कारखान्याला सुट्टी असली की मात्र त्यांचे नेम चुकत.

पात्रता फेरीत गाठ जयदीपच्या टीमशी पडली, तेव्हा भाटिया जिना चढून वर आले आणि उत्तराच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"बेटा, तू सोचती बहुत है. जयदीप से हारे, तो आगे से कॉल रिंकू देगा."

रिंकू बहादुरगडचा. त्याचा नेम असा, की समोरचा कोपऱ्यातून डोकावण्याआधीच खलास व्हायचा. पण कुठे जायचं हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागे. खेळातच नव्हे, मेट्रो स्टेशनवरही.

"सर, मैं?" त्याच्या हातातला समोसा तिथेच थांबला.

"तू. निशाना अच्छा है तेरा."

"सर, निशाने का दिमाग से क्या लेना-देना?"

भाटियांना हा विनय वाटला. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि ते खाली हॉर्नांमध्ये गेले.

उत्तराचं मन दुसरीकडेच होतं. कॉल देणं, म्हणजे कुठे कधी जायचं ते सांगणं, गेलं तर तिच्याकडे काय उरणार होतं? नेम बेताचा. हात हळू. तिला येत होती ती एकच गोष्ट: समोरचा आता काय करेल हे ओळखणं. सामन्याआधी ती दुसऱ्या टीमची रेकॉर्डिंग्ज बघत बसे आणि त्यांच्या सवयी वेचून काढी. हा घाबरला की मागे सरकतो. तो जिंकला की उगाच पुढे धावतो. माणूस बंदूक बदलतो, सवय बदलत नाही.

पण जयदीपच्या बाबतीत हे उलटं तिच्यावरच येत होतं. जयदीप छावणीतल्या सुभेदाराचा मुलगा, अगदी परवापर्यंत तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसायचा. गुडगावच्या टीमने बोलावलं आणि गेला. तिच्या सवयी त्याला पाठ होत्या. दोनदा हरली की ती हट्टाने त्याच जागी तिसऱ्यांदा जाते. मोठा हल्ला करायचा असला की आधी गप्प होते. तिने आपलीच रेकॉर्डिंग्ज लावली, आपण जयदीप आहोत असं समजून बघितली, आणि तिला आपली कीव आली. इतकी उघडी बाई तिने कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याने खेळायला हवं होतं. कोणाच्या, हे कळेना. तेवढ्यात आईचा, विजयालक्ष्मीबाईंचा, फोन आला. बहिणीचं, अनुष्काचं, लग्न ठरलं होतं.

"रविवारी करोल बागेत येतेस का? अनुष्काच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्यात. आणि तुझ्या त्या पोरांपैकी एखादा आण, पिशव्या धरायला."

उत्तराने चौघांनाही आणलं.

"एवढे?" विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "मी दुकान नाही विकत घेत आहे."

"आई, त्यांना बघायचंय तू कशी खरेदी करतेस."

"अच्छा? यांच्या आया करत नाहीत?"

पहिल्या दुकानात चौघे गादीवर मांडी घालून ओळीने बसले. विजयालक्ष्मीबाईंनी नको असलेल्या निळ्या साडीचं कौतुक सुरू केलं. पदर उलगडायला लावला, काठ उजेडात नेऊन पाहिले. हवी होती ती मोतिया साडी एकदाच बोटाने चाचपली आणि बाजूला सारली. मग निळीच्या भावावरून जी जुंपली, तिच्यात दुकानदाराचं मोतियाकडे लक्षच राहिलं नाही. शेवटी बाई उठल्या. "चलो, रहने दो." चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत गेल्या. दुकानदार हुश्श करून निळी साडी घडी घालू लागला. तेवढ्यात बाई दारातून वळल्या, परत आल्या, आणि उभ्या उभ्या मोतियाचा भाव पाडून घेतला. दुकानदाराला काय झालं ते पावती फाडतानाच कळलं.

"दीदी," रिंकू कुजबुजला, "ये तो फेक है."

उत्तराने मान डोलावली. खेळातली हूल ती हीच: आधी ए वर धूर, आवाज, धावपळ करायची. मग ऐकू जाईल अशी पावलं वाजवत निघून जायचं. समोरचे बी कडे पळाले की चोरपावलांनी ए वर परत.

दुसऱ्या दुकानात विहीणबाईंची साडी घ्यायची होती. बाईंनी तोंड वाकडं करून भाव विचारला. दुकानदाराने सांगितला. आणि रिंकूच्या तोंडून मनापासून निघालं, "आंटी, इतने में तो फ्री है!"

दुकानदार उजळला. विजयालक्ष्मीबाईंनी रिंकूकडे असं पाहिलं, की पहिल्यांदाच समोरच्याआधी तो स्वतः खलास झाला. बाई उठल्या, चपला घातल्या, बाहेर पडल्या. चौघे निवांत बसून राहिले. आता परत येतील. दुकानदारही हसत वाट बघत राहिला. मग तो अनवाणीच फुटपाथवर उतरला. त्याच्या मागोमाग पोरंही. समोर ऑटोत विजयालक्ष्मीबाई बसल्या होत्या, शेजारी उत्तरा, आणि ऑटो सुरू झाली होती.

"आई, अगं ते राहिले!"

"राहू देत. त्या हरयाणवीला तिथेच नोकरी लागेल."

सामना दिल्लीतल्या एका सभागृहात होता. दोन्ही टीम स्टेजवर समोरासमोर, मध्ये कॉम्प्युटरांची भिंत. राऊंड संपला की भिंतीवरून ओरडून एकमेकांना डिवचायची तिथे मुभाच असते. पहिल्या अर्ध्या खेळात उत्तराची टीम बचावाला होती आणि जेमतेम टिकली. बाजू बदलल्या, हल्ला त्यांच्याकडे आला, आणि उत्तराने निळी साडी काढली.

ए वर धूर. गोळ्या. "उठो," ती म्हणायची, की पाचही जण पावलं वाजवत निघायचे. जयदीपचे लोक बी कडे पळायचे. "वापस," ती म्हणायची. चार राऊंड असे जिंकले. भाटिया पहिल्या रांगेत उभे राहून दोन्ही हातांनी हॉर्न वाजवत होते. कारखान्यातूनच आणले होते.

जयदीपने वेळ मागून घेतला. खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याची टीम बी कडे पळालीच नाही. उत्तराचे लोक चोरपावलांनी ए वर आले, ते थेट बंदुकीच्या तोंडी. पुढच्या राऊंडलाही तेच. मग भिंतीपलीकडून जयदीपचा मराठी आवाज आला.

"काकूऽऽ! या ना परत! मोतिया काढून ठेवलीय!"

उत्तराचे कान तापले. जयदीपच्या बहिणीच्या, संपदाच्या लग्नाच्या खरेदीत पिशव्या धरायला आई त्यालाच घेऊन गेली होती. तेव्हाही मोतियाच घेतली होती. आईच्या डोक्याने खेळायचं ठरवलं होतं, आणि नेमकं तेही डोकं त्याने आतून पाहिलेलं.

बरोबरी झाली. पुढचा राऊंड जिंकेल त्याचा सामना.

"क्या करना है?" रिंकूने विचारलं. हरलो तर उद्यापासून हाच प्रश्न आपल्याला विचारतील, हे त्याला दिसत होतं.

उत्तरा गप्प होती. मग तिच्या लक्षात आलं की ती गप्प आहे, आणि जयदीपला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ माहीत आहे. ती मुद्दाम मोठ्याने हसली. पलीकडे ऐकू जाईल इतकं.

ए वर धूर. गोळ्या. "उठो." पावलं वाजली. नकाशाच्या मध्यावर, जिथून दर वेळी वळायचं, तिथे चौघे सवयीने थबकले.

"रुको मत," ती म्हणाली. "आंटी ऑटो में बैठ गईं."

बाकीच्यांना एक क्षण लागला. रिंकूला लागला नाही. त्या ऑटोचा धूर त्याने स्वतः खाल्ला होता. तो बॉम्ब घेऊन बी कडे सुटला, मागे सगळे. बी वर एकटा पोरगा उभा होता, तोही पाठ करून. तो पडला आणि बॉम्ब लावून झाला. जयदीप आणि त्याचे तिघे ए वर दडून दारातून वळणाऱ्या बाईची वाट बघत होते. बी कडे धावले तेव्हा रिंकूला एवढंच करायचं होतं, जे त्याला सांगावं लागत नसे. त्याने एकेकाला टिपलं.

हस्तांदोलनाला जयदीप आला. "कोणाचं डोकं होतं शेवटी?"

"आईचंच."

"शक्य नाही. काकू परत येतात."

"मग माझं असेल," उत्तरा म्हणाली आणि पुढच्याशी हात मिळवायला सरकली.

भाटिया स्टेजवर चढले, हॉर्न अजून हातात. "बस! कॉल तू ही देगी. पक्का. रिंकू नहीं देगा."

हे ऐकताच रिंकूने भाटियांना मिठी मारली आणि सोडेचना. त्याचे खांदे हलत होते. भाटिया गोंधळले. त्यांनी हॉर्न धरलेल्याच हाताने त्याला थोपटलं आणि उत्तराकडे वळून हळूच विचारलं, "बुरा मान गया क्या बेचारा?"

"बहुत," उत्तरा म्हणाली. "थोडी देर पकड़े रखिए, सर."