दुसरी छागल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दरवर्षी पर्युषणाच्या शेवटी आम्ही घरोघर जाऊन, हात जोडून, कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतो. मीही मागत आलो — ज्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं अशांचीसुद्धा. हे तेवढं पोटात ठेवलं. आई गेली त्याला परवा महिना झाला. ती असताना लिहायचा धीर झाला नाही, एवढंच खरं असेल.

गाडीपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

थोरल्या भावानं मुंबईहून एक मोटर आणली होती. लाल, बुटकी, उघडी, दोनच माणसांची, शर्यतीच्या घडणीची. नंदुरबारात ती बघायला माणसं लांबून येत. पण आमचा उन्हाळा तिला सोसत नसे. वैशाखात गावाबाहेर दोन-तीन कोस गेली, की पुढच्या जाळीमागचं पाणी खदखदू लागे. तिला थंड ठेवायचं काम याकोबचं. तो नवापूरकडच्या डोंगरातला, मिशनच्या शाळेत शिकलेला, माझ्याच वयाचा. घरी असली की तो तिला लिंबाखाली लावी, बॉनेटवर ओलं गोणपाट टाकी. वाटेत तापली तर डोक्याचं फडकं सोडून, ते हाताला गुंडाळून झाकण उघडी आणि इंजिन चालू ठेवून धारेनं पाणी ओती — घाईत ओतलं तर आतलं लोखंड तडकतं, म्हणे. त्यासाठी गाडीच्या पुढे किंतानाच्या दोन छागली टांगलेल्या असत. जाड कापडाच्या पिशव्या त्या. त्यातून पाणी झिरपे आणि वाऱ्यानं गार राही.

या छागली भरायच्या मी.

का मी, ते सांगायला हवं. आम्ही जैन. आईचं म्हणणं असं, की गाडीत पाणी उकळणार म्हणजे त्यातले जीव मरणार; तेव्हा गाडीचं पाणीही पिण्याच्या पाण्यासारखं दुहेरी फडक्यातून गाळलेलंच हवं. फडक्यात राहिलेलं — त्याला आम्ही जिवाणी म्हणतो — त्याच विहिरीत हलकेच परत सोडायचं. याकोबला याची गंमत वाटे. “भाऊ, माय मोटरले बी जैन करी सोडी,” म्हणायचा. पण आमच्या विहिरीला त्याचा हात लागलेला चालत नसे. तो ओट्यापासून चार हात लांब उभा राही आणि मी भरून दिलेल्या छागली उचलून नेई.

त्या दिवशी तळोद्याला भावाच्या मेहुण्याचं लग्न होतं. भाऊ आधीच तिकडे गेला होता आणि वरातीला ही गाडी हवी होती. उजाडायच्या आत निघायचं ठरलं होतं. मी वाचत बसलो. कुठलं पुस्तक होतं तेही आता आठवत नाही — यासाठी एक माणूस गेला, आणि मला ते आठवत नाही. उशीर झाला, एकच छागल गाळून भरली. दुसरी विहिरीत नुसती बुडवून काढली, बाहेरून ओली दिसावी म्हणून. घाईत दोन्ही मीच गाडीला टांगल्या. याकोबनं विचारलं, दोन्ही भरल्या ना. मी हो म्हणालो.

प्रकाशा गावाजवळ याकोब तापीच्या वाळूतून गाडी काढत असताना इंजिन तापलं. पलीकडची चढण संपवून कोसभर गेलो आणि वाफेचा लोट उठला. दुसरी आहे या भरवशावर याकोबनं पहिली छागल सगळी ओतली. बहुतेक पाणी वाफ होऊन गेलं. मग त्यानं दुसरीला हात घातला.

ती रिकामी लागताच त्यानं ती उलटी करून झटकली. मग हसला. “छागल बी पुस्तक वाची ऱ्हायनी व्हती का, भाऊ?”

एवढंच बोलला. रागावला असता तर — पण असलं काही लिहून उपयोग काय?

नदी मागे राहिली होती. भर दुपार. मी बाभळीखाली बसलो. मला ऊन सोसत नाही, असं म्हणालो. तो तीनदा नदीवर गेला. डोक्याचं फडकं त्यानं पाणी गाळायला घेतलं होतं. मी म्हणालो होतो, राहू दे, आई कुठे बघतेय? तर म्हणाला, “मायले सांगेल शे. गाळीसनच टाकसू.” तिन्ही वेळा त्यानं पाणी गाळलं. त्या तापलेल्या वाळूतून, उघड्या डोक्यानं. फडकं त्याच डोहात उलटं करून झटकलं, हेही त्यानं परत आल्यावर मला सांगितलं, जसं काही मी तपासणार होतो.

गाडी तळोद्याला पोचली. वरातीत फिरली. याकोब संध्याकाळी ओकू लागला, बरळू लागला. अंग हाताला चटका बसावा असं तापलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

भावानं विचारलं, दोन छागली असताना असं कसं झालं? मी म्हणालो, “एक भरायची याकोब विसरला.”

घरात कुणाला ठाऊक नव्हतं, की आमचं पाणी याकोब भरूच शकत नाही? भावाला ठाऊक होतं, आईला होतं, मोलकरणीला होतं. त्या खोटेपणाला भोक पडलेलं सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही. गावात मात्र बोलणं झालं — निष्काळजी होता, स्वतःच्या चुकीनं गेला.

घरी परतल्यावर आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातून गाळायचं फडकं काढून घेतलं. त्यानंतर दृष्टी अधू होईपर्यंत आणि झाल्यावरही, शेवटपर्यंत, घरचं पाणी तिनंच गाळलं. मला कधी हात लावू दिला नाही. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि याकोबची बायको आली होती, त्याचे कपडे न्यायला. मी ओट्यावर एकटाच होतो. गाठोडं काखेत घेऊन ती वळली, मग थांबली. आवाज चढवला नाही.

“भाऊ, तुमनी विहीरले त्यासना हात कधी लागू दिधा का कोणी?”

मी खाली बघत राहिलो. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. मग गेली. नवापूरकडे परत गेली असं कळलं. मी कधी गेलो नाही.

आज सकाळी गाळायचं फडकं त्यानंतर पहिल्यांदा माझ्या हाती आलं. पाणी गाळलं. जिवाणी विहिरीत सोडली. याकोबच्या बायकोनं विचारलं होतं त्याचं उत्तर तेव्हा एका शब्दाचं होतं.

नाही. कधीच नाही. दोन्ही छागली मीच भरायच्या होत्या.